नियम बरोबर दिसतो, तरी चित्र का येत नाही?

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमचा जॉबवर्कचा छोटा गाळा आहे, राहायला कळव्याला. रात्रपाळीत मशीन चालू असतात, म्हणून चार कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर बसवलाय. इंटरनेटवाल्याकडून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपीही, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, घेतलाय. घरून मोबाईलवर चित्र व्यवस्थित दिसायचं. पावसाळ्यात राउटर जळाला, नवा आणला आणि त्यात पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून ठरावीक पोर्टवर, म्हणजे दारक्रमांकावर, आलेली हाक आतल्या यंत्राकडे वळवणारा नियम) भरलं : पोर्ट ८०००, डीव्हीआरचा पत्ता १९२.१६८.१.६४. गाळ्याच्या वायफायवर ॲप लगेच उघडतं. घरून लावलं की चक्र फिरत राहतं आणि शेवटी ‘टाइम आउट’. फायरवॉलमध्ये वेगळा नियम घातला, मग फायरवॉलच बंद करून पाहिली, तरी तेच. कॅमेरेवाला म्हणतो डीव्हीआर चांगला आहे, नेटवाला म्हणतो लाइन चांगली आहे. सगळ्या पानांचे फोटो सोबत पाठवतोय.
– एक वाचक, कळवा

उत्तर : फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसत्या वर्णनावरून हे सापडलं नसतं. कॅमेरेवाला खरं बोलतोय आणि नेटवालाही. डीव्हीआर ठीक आहे, लाइन ठीक आहे. बिघाड आहे तो दोन रकान्यांत, एक राउटरमध्ये आणि एक डीव्हीआरमध्ये. दोन चुका एकाच वेळी असल्या की माणूस हैराण होतो, कारण एक दुरुस्त केली तरी चित्र येत नाही. मग ‘याने काही झालं नाही’ म्हणून तो ती दुरुस्तीही पुसून टाकतो आणि पुन्हा पहिल्या जागी येतो. म्हणून माझं पहिलं सांगणं : चित्र आलं की नाही, यावरून प्रत्येक बदल जोखू नका. बाहेरून निघालेलं पॅकेट, म्हणजे माहितीचं छोटं पाकीट, कुठवर पोचलं, ते टप्प्याटप्प्याने बघा.

आधी राउटरचा फोटो. फॉरवर्डिंगच्या नियमात तुम्ही ‘सोर्स पोर्ट’ आणि ‘डेस्टिनेशन पोर्ट’ अशा दोन्ही रकान्यांत ८००० भरलेत. रिकामा रकाना दिसला की तो भरावासा वाटतोच. पण सोर्स पोर्ट हा तुमच्या मोबाईलच्या बाजूचा आकडा आहे. ॲप दर वेळी डीव्हीआरला हाक मारतं तेव्हा फोन स्वतःसाठी कुठलातरी मोकळा पोर्ट उचलतो. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांत तो साधारण ३२७६८ ते ६०९९९ या पट्ट्यातला असतो, आणि अँड्रॉइडही आतून लिनक्सच आहे. शिवाय मोबाईल कंपनी वाटेत तो आकडा बहुतेक वेळा बदलते. तुमचा नियम म्हणतो, ‘पलीकडचा पोर्टही ८००० असेल तरच आत घे.’ तसं पॅकेट जवळजवळ कधीच येणार नाही. नियम लागूच झाला नाही, तर ते पॅकेट राउटरसाठीच आलंय असं राउटर धरतो, आणि अनोळखी म्हणून मुकाट्याने टाकून देतो. तेव्हा सोर्स पोर्टचा रकाना रिकामा करा. काही राउटरवर तिथे ‘एनी’ निवडावं लागतं.

फायरवॉल बंद करूनही काही बदललं नाही, हा खरं तर मोठा सुगावा होता. पॅकेट कुठे पाठवायचं हे फॉरवर्डिंगचा नियम ठरवतो, ते जाऊ द्यायचं की नाही हे फायरवॉल ठरवते. कामं दोन, तक्तेही दोन. कुठे पाठवायचं हेच ठरलं नसेल, तर फायरवॉल उघडी ठेवून काय होणार? आता ती पुन्हा चालू करा, आजच.

तुम्ही फायरवॉलमध्ये जो वेगळा नियम घातलात, त्यात डेस्टिनेशनला तुमचा स्टॅटिक आयपी दिलाय. तो नियमही कधीच लागू होणार नाही. बहुतेक घरगुती राउटरच्या पोटात लिनक्स असतं. त्यात बाहेरून आलेल्या पॅकेटचा पत्ता आधी बदलला जातो आणि मग ते आत सोडायचं का हे तपासलं जातं. म्हणजे फायरवॉलसमोर पॅकेट येतं तेव्हा त्याच्यावर स्टॅटिक आयपी उरलेलाच नसतो, १९२.१६८.१.६४ असतो. पोर्टचंही तेच. समजा बाहेर १८००० आणि आत ८००० असं फॉरवर्डिंग केलंत, तर फायरवॉलच्या नियमात ८००० लिहायचा. पुष्कळ राउटर फॉरवर्डिंगसोबत ही परवानगी आपोआप देतात. तुमच्या फोटोतल्या पानावर तशी खूण दिसतेय, तेव्हा हाताने घातलेला नियम काढून टाका. न लागणारे नियम पडून राहिले की सहा महिन्यांनी वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, आणि तो वाचणारा बहुधा तुम्हीच असता.

आता डीव्हीआरचा फोटो. नेटवर्कच्या पानावर आयपी १९२.१६८.१.६४, सबनेट बरोबर, आणि गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचं दार, १९२.१६८.१.२५४. तुमचा नवा राउटर मात्र १९२.१६८.१.१ वर बसलाय. २५४ हा जळालेल्या राउटरचा पत्ता असणार. गाळ्याच्या वायफायवर सगळं सुरळीत चाललं ते याचमुळे : एकाच नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात, गेटवेची गरजच पडत नाही. बाहेरच्या पॅकेटची गोष्ट वेगळी. फॉरवर्डिंगमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बदलत नाही, फक्त घेणाऱ्याचा बदलतो. डीव्हीआरला दिसतं की बोलावणं मोबाईल कंपनीच्या कुठल्यातरी पत्त्यावरून आलंय. तो उत्तर तयार करतो, गेटवेला द्यायला जातो, आणि २५४ वर कोणी नाही. उत्तर गाळ्यातच राहतं.

याचा पुरावा डीव्हीआर स्वतःच देईल. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ तुमच्या मोबाईलशी ताडून पाहा. इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय त्यात चालू असेल, तर राउटर बदलल्यापासून ती बंद पडली असणार आणि घड्याळ सरकलेलं सापडेल. हे नुसतं निदानासाठी सांगत नाही. उद्या गाळ्यात चोरी झाली आणि फुटेज पोलिसांना द्यायची वेळ आली, तर त्यावरची वेळ बरोबर असायला हवी. गेटवे १९२.१६८.१.१ करा, डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) रकान्यातही २५४ असेल तर तोही बदला, आणि डीव्हीआर रीस्टार्ट करा.

एवढ्यावर चित्र यावं. नाहीच आलं, तर अंदाज न बांधता एक चाचणी घ्या. रबाळे-महाप्याच्या गाळ्यांत मी नेहमी हीच घेते. लॅपटॉप त्याच राउटरला केबलने जोडा. त्याला मिळालेला पत्ता, समजा १९२.१६८.१.२०, फॉरवर्डिंगच्या नियमात तात्पुरता डीव्हीआरच्या जागी टाका. लॅपटॉपवर वायरशार्क नावाचं, येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर चालू करून फक्त पोर्ट ८००० ची गाळणी लावा. मग मोबाईलचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून ॲप उघडा. लॅपटॉपच्या पडद्यावर एक ओळ उमटली पाहिजे : पाठवणारा बाहेरचा पत्ता, घेणारा १९२.१६८.१.२०, पोर्ट ८०००, आणि शेजारी ‘सिन’ (SYN), म्हणजे जोडणीचं पहिलं बोलावणं, ही खूण. फोन उत्तराची वाट पाहून तेच बोलावणं पुन्हा पाठवतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने तशीच ओळ परत परत येईल. विंडोजची फायरवॉल ते पॅकेट पुढे अडवत असली तरी वायरशार्कला ते दिसतंच, कारण तो त्याच्या अलीकडे बसून बघतो.

ओळ उमटली, तर लाइन, स्टॅटिक आयपी, राउटर, फॉरवर्डिंग आणि राउटरची फायरवॉल हे सगळं एका झटक्यात निर्दोष ठरलं. आता फक्त डीव्हीआरकडे बघायचं. पडदा कोराच राहिला, तर डीव्हीआरला हात लावू नका, दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. सोर्स पोर्टचा रकाना रिकामा करण्याआधी एकदा आणि नंतर एकदा ही चाचणी घेतलीत, तर मी वर लिहिलंय ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

संदेशही नीट वाचत जा. ‘टाइम आउट’ म्हणजे पॅकेट वाटेत कोणीतरी गिळलं किंवा उत्तर परत आलं नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं आलं, तर बहुतेक वेळा पॅकेट यंत्रापर्यंत पोचलंय, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. दुसरा संदेश आला की मला हायसं वाटतं, कारण वाट शाबूत आहे हे तरी कळतं.

एक राहिलं. ६४ हा पत्ता राउटरच्या डीएचसीपीच्या (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पट्ट्यात येत असेल, तर तो डीव्हीआरच्या नावे राखून ठेवा. नाहीतर एखाद्या दिवशी कामगाराच्या फोनला तोच पत्ता मिळेल. आणि चित्र आलं म्हणून थांबू नका, या अंकातलं शेवटचं उत्तर तुम्हीही वाचा.

प्रश्न : नेरुळला घरी फोटो साठवायला नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली हार्ड डिस्कची पेटी, ठेवलाय. बेलापूरच्या ऑफिसातून डोमेनचं नाव टाकलं की तो उघडतो. घरच्या वायफायवर तेच नाव टाकलं तर उघडत नाही. फॉरवर्डिंग अर्धवट झालंय का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही, फॉरवर्डिंग पूर्ण आहे. घरातून बाहेरच्या पत्त्यावर गेलात की राउटर पॅकेट वळवून नॅसकडे देतो, पण पाठवणारा तुमचाच लॅपटॉप असतो. नॅसला तो शेजारी दिसतो, म्हणून तो राउटरला वगळून थेट उत्तर देतो. लॅपटॉपने प्रश्न विचारला होता बाहेरच्या पत्त्याला, उत्तर आलं १९२.१६८ मधल्या कोणाकडून तरी, म्हणून तो ते टाकून देतो. राउटरमध्ये ‘नॅट लूपबॅक’ किंवा ‘हेअरपिन नॅट’ असा पर्याय असेल तर चालू करा. नसेल, तर राउटरच्या डीएनएसमध्ये त्या नावापुढे नॅसचा घरातला पत्ता लिहा. या एका गोष्टीमुळे कितीतरी जण बरोबर असलेलं फॉरवर्डिंग मोडून बसतात. बाहेरची चाचणी बाहेरूनच घ्यायची.

प्रश्न : मी अकरावीत आहे. घरच्या पीसीवर माइनक्राफ्टचा सर्व्हर लावलाय. राउटरमध्ये २५५६५ पोर्ट टीसीपी आणि यूडीपी (पॅकेट पाठवण्याच्या दोन पद्धती) दोन्हींसाठी उघडलाय, विंडोजच्या फायरवॉलमध्येही परवानगी दिलीय. माझ्या धाकट्या बहिणीच्या लॅपटॉपवरून जोडलं जातं, घणसोली आणि वाशीच्या मित्रांना जमत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, १००.८१ ने सुरू होतो.
– एक विद्यार्थी, कोपरखैरणे

उत्तर : तू वॅन आयपी लिहिलास म्हणून उत्तर सोपं झालं. तुझं काहीच चुकलेलं नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी २०१२ साली वेगळे राखून ठेवले गेले. जगात आयपीव्ही४ चे पत्ते अपुरे पडतात, म्हणून कंपनी अनेक घरांना मिळून एक खरा पत्ता देते आणि मधे स्वतःचा एक मोठा राउटर ठेवते. याला सीजीनॅट म्हणतात. मित्राचं पॅकेट त्या मोठ्या राउटरपाशी येऊन थांबतं, कारण ते कोणत्या घरी द्यायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, आणि त्याच्या सेटिंगला तू हात लावू शकत नाहीस. तुझ्या राउटरमध्ये कितीही नियम घातलेस तरी पॅकेट तिथवर येतच नाही. ‘माझा आयपी काय’ असं ब्राउझरमध्ये शोधलंस तर जो पत्ता दिसेल, तो वॅन आयपीशी जुळणार नाही. तीच याची पक्की खूण.

तुझ्या वयाच्या इतर वाचकांसाठी : वॅन आयपी १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, तर आधी फायबरचा जो डबा भिंतीवर लावलाय तो बघा. तो स्वतःही राउटरचं काम करत असेल, तर घरातच दोन राउटर एकामागे एक लागलेत. तो डबा कंपनीकडून ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचं काम न करता नुसती लाइन पुढे देईल असा, करून मागता येतो.

तुझ्यापुढे तीन वाटा आहेत. कंपनीकडून स्टॅटिक आयपी घेता येतो, पण त्याचे दरमहा पैसे पडतात आणि ते घरच्यांना विचारून ठरव. दुसरी वाट आयपीव्ही६ ची, म्हणजे पत्त्यांच्या नव्या, भरपूर पत्ते असलेल्या पद्धतीची. तुझ्याकडे आणि मित्रांकडे दोन्हीकडे ते असेल, तर प्रत्येक पीसीला स्वतःचा जागतिक पत्ता असतो. तिथे फॉरवर्डिंग हा प्रकारच नसतो, फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये तुझ्या पीसीच्या पत्त्यासाठी २५५६५ ची परवानगी द्यायची. मात्र विंडोज बाहेर जाताना अधूनमधून बदलणारा तात्पुरता पत्ता वापरतं, तो देऊ नकोस, कायमचा दे. तिसरी वाट मला तुझ्यासाठी सगळ्यांत योग्य वाटते : टेलस्केलसारखं, दूरच्या यंत्रांचं एक खाजगी नेटवर्क बनवणारं सॉफ्टवेअर तुझ्या आणि मित्रांच्या पीसीवर टाकायचं. दोन्ही टोकं आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही आणि जगासाठी काही उघडावंही लागत नाही. त्यात तुझ्या पीसीला पुन्हा १०० ने सुरू होणारा पत्ता मिळेल. घाबरू नकोस, टेलस्केल त्याच राखीव पट्ट्यातले पत्ते वापरतं.

कोणी मित्र मोबाईलवरून खेळणार असेल, तर ती बेडरॉक आवृत्ती. तिचा सर्व्हर वेगळा, पोर्ट १९१३२ आणि तोही यूडीपी. शोधत शोधत तू इथवर आलास, वॅन आयपी बघायचं तुला सुचलं, याचं मला खरंच कौतुक वाटलं.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कॅमेऱ्यांचा डीव्हीआर बाहेरून दिसत नव्हता. आलेल्या माणसाने राउटरमध्ये ‘डीएमझेड’ला डीव्हीआरचा पत्ता टाकला आणि लगेच चालू झालं. समितीतले एक सदस्य म्हणतात, हे धोक्याचं आहे. चालतंय तर बदलायचं कशाला?
– सोसायटीच्या चिटणीस, ठाणे पश्चिम

उत्तर : ताई, तुमचे सदस्य बरोबर सांगतायत, आणि हे या आठवड्यातच बदला अशी माझी कळकळीची विनंती आहे. डीएमझेड म्हणजे ज्या पॅकेटसाठी दुसरा कुठलाही नियम नाही, ते सगळं त्या एका यंत्राकडे सोडणं. गेटवरचा वॉचमन काढून, येईल ती गाडी थेट पंपरूमकडे पाठवावी तसं. तुम्हाला हवा होता एक पोर्ट, उघडले ६५ हजारांवर. डीव्हीआरच्या आत टेलनेटसारखं (दुरून यंत्राला हुकूम देण्याची जुनी सोय) एखादं जुनं दार उत्पादकाने उघडं ठेवलं असेल, तर ते आता साऱ्या जगाला दिसतंय.

ही नुसती भीती नाही. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने नेमकी हीच यंत्रं धरली : डीव्हीआर, कॅमेरे, घरगुती राउटर. त्याची युक्ती साधी होती. इंटरनेटवर पत्ते धुंडाळत टेलनेटचे पोर्ट, २३ आणि २३२३, उघडे सापडले की कारखान्यातून आलेली साठेक नावं आणि पासवर्ड लावून बघायचे. त्या ऑक्टोबरात अशा काबीज केलेल्या यंत्रांनी डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांना काही तास मिळेनात. कॅमेऱ्यांच्या मालकांपैकी बहुतेकांना आपलं यंत्र त्यात आहे याचा पत्ताही लागला नसणार, कारण चित्र नेहमीसारखं दिसतच असतं. सोसायटीचा प्रश्न तर आणखी जवळचा आहे. कोणाच्या घरी कोण येतं, शाळेची बस किती वाजता थांबते, कुठला फ्लॅट बंद आहे, हे सगळं त्या चित्रात असतं.

एकच पोर्ट फॉरवर्ड करणं डीएमझेडपेक्षा पुष्कळ बरं, पण डीव्हीआरचं लॉगिनचं पान तरीही जगासमोर राहतं, आणि त्याच्या सॉफ्टवेअरला नवी सुधारणा शेवटची कधी मिळाली हे कोणी पाहत नाही. म्हणून मी सोसायट्यांना व्हीपीएनच, म्हणजे इंटरनेटवरून आत येणारा कुलूपबंद खाजगी बोगदाच, सुचवते. तुमच्या राउटरमध्ये वायरगार्ड या व्हीपीएनची सोय असेल तर उत्तम. यूडीपीचा एक पोर्ट लागतो, बहुधा ५१८२०, आणि योग्य किल्ली नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. समितीतल्या ज्यांना बघायचंय, त्यांच्या प्रत्येकाच्या फोनला वेगळी किल्ली द्या. समिती बदलली की जुन्या किल्ल्या काढता येतात. एकच पासवर्ड सगळ्यांना वाटलेला असतो तेव्हा हे शक्य नसतं.

बसवणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. वायरगार्ड राउटरवरच चालणार असेल, तर त्याच्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग करायचं नसतं. पॅकेट राउटरसाठीच आलेलं असतं, ते पुढे कुठे जात नाही. परवानगी फायरवॉलच्या ‘इनपुट’ भागात द्यायची, ‘फॉरवर्ड’ भागात नाही. बरेच जण राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावर फॉरवर्डिंग घालतात आणि दिवसभर झगडत बसतात. तुमच्या लाइनवर सीजीनॅट असेल, तर वरच्या विद्यार्थ्याला सांगितलेली तिसरी वाट तुम्हालाही चालेल. मात्र त्यासाठी सोसायटीच्या ऑफिसात सतत चालू राहणारं एखादं छोटं यंत्र लागेल.

डीएमझेड काढताना क्रम असा ठेवा. आधी व्हीपीएन चालू करून त्यातून चित्र येतंय हे मोबाईल डेटावर पाहा. मग डीएमझेड बंद करा, फॉरवर्डिंगचे नियम काढा, आणि यूपीएनपी (यंत्रांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय) हा पर्यायही बंद करा, नाहीतर डीव्हीआर स्वतःच राउटरला सांगून पोर्ट पुन्हा उघडून घेऊ शकतो. डीव्हीआरचा पासवर्ड बदला. शेवटी राउटर रीस्टार्ट करायला विसरू नका. नियम काढला तरी चालू असलेल्या जोडण्या राउटरच्या स्मरणात राहतात, कारण पत्ता बदलण्याचा निर्णय तो प्रत्येक जोडणीच्या पहिल्या पॅकेटलाच घेतो आणि पुढे तोच पाळतो. कोणाच्या फोनवर ॲप आधीपासून उघडं असेल, तर त्याला चित्र दिसत राहील आणि तुम्हाला वाटेल नियम निघालाच नाही. रीस्टार्टनंतर व्हीपीएन बंद ठेवून मोबाईल डेटावरून जुन्या पद्धतीने डीव्हीआर उघडून पाहा. तो उघडता कामा नये.